अडुळसा आणि धुराने दुखावलेली छाती

थंडी सुरू झाली की भोपाळमधल्या मराठी घरांत अडुळशाची आठवण होते. दिवाळीचे फटाके, पहाटेच्या शेकोट्या, शहराभोवतीच्या शेतांत पेटवलेली नरवाई, यांचा धूर एकत्र येतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा खोकला सुरू होतो. "अडुळशाची दोन पाने उकळून दे, छाती मोकळी होईल," हा सल्ला नागपूरहून आलेल्या कुटुंबात मिळतो, तसाच ग्वाल्हेर, इंदूर किंवा सागरहून आलेल्या कुटुंबातही मिळतो. त्याच्याही पुढचा एक दावा अधूनमधून ऐकू येतो: अडुळसा रोज घेतला तर धुराचा फुप्फुसांवर परिणामच होत नाही.

पहिल्या सल्ल्याला चांगला आधार आहे. दुसऱ्या दाव्याला नाही. हा फरक आपल्या शहरात विशेष महत्त्वाचा आहे, कारण इथल्या हजारो माणसांची फुप्फुसे १९८४ पासूनच अधू आहेत. म्हणून अडुळशाबद्दल काय माहीत आहे, तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे त्याच्यावर विसंबून राहू नये, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

ओळख

अडुळशाला संस्कृतात वासा, वासक, आटरूषक अशी नावे आहेत. भोपाळच्या बाजारात आणि रोपवाटिकांत तो 'अडूसा' या हिंदी नावाने मिळतो. शास्त्रीय नाव जस्टिसिया अधाटोडा. जुन्या पुस्तकांत अधाटोडा वासिका असेही नाव आढळते. कोरांटीच्या कुळातले हे झुडूप साधारण माणसाच्या उंचीचे, कधी त्याहून उंच होते. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, वीतभर लांब. चुरगळली की उग्र वास येतो. फुले पांढरी, खालच्या पाकळीवर जांभळट रेषा असलेली. फुलाचा आकार सिंहाच्या उघड्या जबड्यासारखा दिसतो म्हणून 'सिंहास्य' हेही एक संस्कृत नाव त्याला मिळाले.

पाने कडू असल्याने गुरे आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे खेड्यांत तो कुंपणाला लावतात.

नावाच्या साधर्म्यामुळे एक गोंधळ होतो. गुजरातीत अडुळशाला 'अरडूसी' म्हणतात, तर महारुख या मोठ्या झाडाला 'अरडूसो'. महारुखाची पाने अडुळशाच्या नावाने विकली जाण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. सुकलेली, चुरलेली पाने ओळखणे कठीण असते. म्हणून शक्यतो ताजे, ओळखीचे झाड वापरावे, नाहीतर विश्वासू दुकानातूनच पाने घ्यावीत.

धूर छातीत काय करतो

आपल्या श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांचे अस्तर असते. त्यावर कफाचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ या थराला चिकटते आणि केस ती हळूहळू घशाकडे ढकलत राहतात. हे काम आपल्या नकळत दिवसरात्र चालते.

धूर या व्यवस्थेवरच घाव घालतो. केसांची हालचाल मंदावते, काही जागी केस गळून जातात. कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात आणि कफ घट्ट होतो. जे आपोआप बाहेर जायचे ते खोकून काढावे लागते. सकाळी उठल्यावर बराच वेळ खाकरणारी माणसे आपण पाहतो, त्यामागचे कारण हे असते.

धुरातले अतिसूक्ष्म कण (ज्यांना पीएम २.५ म्हणतात) याहून खोल, थेट वायुकोशांपर्यंत जातात. त्यांचा नायनाट करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी जमतात. त्या जी विकरे सोडतात ती वर्षानुवर्षांच्या माऱ्यात वायुकोशांच्या भिंतीही खाऊन टाकतात. फुटलेला वायुकोश पुन्हा तयार होत नाही. जिना चढताना लागणारी धाप, बोलता बोलता तुटणारा श्वास ही त्याची लक्षणे. या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात.

सीओपीडी फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो, हा समज चुकीचा आहे. ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केला, अशा असंख्य बायकांना तो झालेला आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लिहून याकडे जगाचे लक्ष वेधले.

म्हणजे धुराने होणारे नुकसान दोन प्रकारचे असते. एक कफाचे आणि सुजेचे, जे बरेचसे कमी करता येते. दुसरे फुप्फुसाच्या रचनेचे, जे भरून येत नाही. अडुळशाचे काम पहिल्या प्रकारात आहे.

भोपाळची वेगळी परिस्थिती

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरात पसरला. तो धूर नव्हता, विषारी वायू होता, आणि त्याची तुलना चुलीच्या धुराशी होऊ शकत नाही. पण घाव बसला तो मुख्यतः डोळ्यांवर आणि श्वासमार्गावर. ओलसर अस्तराशी या वायूची तीव्र प्रक्रिया होते. त्या रात्री अनेकांची फुप्फुसे पाण्याने भरली. जे वाचले त्यांतल्या पुष्कळांच्या लहान श्वासनलिका कायमच्या आखडल्या, काहींच्या फुप्फुसांत व्रणासारखे तंतू तयार झाले.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८५ ते १९९४ या काळात वायुपीडितांचा पाठपुरावा केला. पुढे २०१० मध्ये याच परिषदेची पर्यावरणीय आरोग्यावरची राष्ट्रीय संस्था भोपाळमध्ये सुरू झाली. १९९६ मध्ये कारखान्याजवळच्या वस्तीत 'संभावना' हे विनामूल्य चिकित्सालय उघडले. तिथे ॲलोपॅथीच्या जोडीने आयुर्वेद आणि योगाचे उपचार दिले गेले, आणि आवारातच औषधी वनस्पतींची बाग फुलवून औषधे तयार केली गेली. वर्षानुवर्षे स्टेरॉइड आणि प्रतिजैविकांवर राहिलेल्या रुग्णांना सौम्य औषधांची सोबत मिळावी, हा त्यामागचा विचार होता. वनस्पतींचा असा उपयोग डॉक्टरांच्या नजरेखाली, तपासणीच्या जोडीने व्हायला हवा.

आपल्या सभासद कुटुंबांतही ती रात्र पाहिलेली माणसे आहेत. त्यांच्यासाठी एक साधा हिशेब सांगतो. निरोगी फुप्फुसांत गरजेपेक्षा बरीच जास्त क्षमता शिल्लक असते. थोडे नुकसान ती रिचवतात. वायूने ज्यांची शिल्लक आधीच खाल्ली, त्यांना तेवढाच धूर दुप्पट महागात पडतो. एखादे रोप आपल्याला सुरक्षित ठेवील अशा भरवशावर त्यांनी शेकोटीजवळ बसणे धोक्याचे आहे.

पानातून गोळीपर्यंत

अडुळशाची ख्याती केवळ आजीबाईच्या बटव्यातली नाही. डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञाने १८८८ मध्ये पानांतून एक अल्कलॉइड वेगळे केले. त्याला वासिसीन हे नाव मिळाले, 'वासा' या संस्कृत नावावरून. पानात त्याचाच भाऊबंद असलेले वासिसिनोनही असते. श्वासनलिका सैल करण्याचा गुण या दोहोंच्या संदर्भात अभ्यासला गेला आहे.

वासिसीनच्या रचनेवरून जर्मनीत ब्रोमहेक्झीन हे औषध तयार झाले आणि १९६३ मध्ये बाजारात आले. शरीरात ब्रोमहेक्झीनपासून जो पदार्थ बनतो तो ॲम्ब्रोक्सॉल. तेही पुढे स्वतंत्र औषध झाले. आज खोकल्याच्या कितीतरी गोळ्यांवर आणि बाटल्यांवर ही दोन नावे दिसतात. त्यांचे मूळ आपल्या कुंपणावरच्या झुडपात आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

ही औषधे चिकट कफाचे धागे तोडून तो पातळ करतात, म्हणजे खोकून काढणे सोपे जाते. जुन्या ब्राँकायटिसच्या रुग्णांत कफ पातळ करणाऱ्या औषधांमुळे आजार उफाळण्याचे प्रसंग थोडे कमी होतात, असे अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करता दिसते. मात्र फुप्फुसांची क्षमता त्यांनी फारशी वाढत नाही. 'कफ सुटतो, बरे वाटते' हा घरचा अनुभव आणि दवाखान्यातला निष्कर्ष इथे एकमेकांशी जुळतात.

संरक्षणाचा दावा कुठवर खरा?

दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अडुळशाच्या अर्काचे उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दम्यासारखी स्थिती निर्माण केलेल्या उंदरांत अर्कामुळे फुप्फुसांतला दाह कमी झाला आणि पेशींना प्राणवायू कमी पडल्याने होणारे परिणामही घटले. हे निष्कर्ष आशादायक आहेत. आपल्या परंपरेतल्या वनस्पतीचा असा नेटका अभ्यास होतो याचा आनंदही आहे.

पण उंदरात दिसलेला गुण माणसात दिसेलच असे नसते. याची दोन उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

ब्रोकोलीतल्या सल्फोराफेन या द्रव्याचे धूर दिलेल्या उंदरांत आशादायक परिणाम दिसले होते. मग अमेरिकेत सीओपीडीच्या ८९ रुग्णांवर चार आठवड्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: अपेक्षित परिणाम दिसला नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. गाजरातले बीटा-कॅरोटीन सिगारेट ओढणाऱ्यांचे कर्करोगापासून रक्षण करील, असे एके काळी वाटत होते. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर ही चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. नैसर्गिक पदार्थ म्हणून निर्धास्तपणे घेतलेली गोळी उलटली होती.

अडुळशाने असे काही होते असे आम्ही म्हणत नाही. पण 'रोज घ्या, धुराची चिंता सोडा' असे म्हणायला माणसांवरच्या मोठ्या, दीर्घ चाचणीचा आधार लागतो, आणि तो अडुळशाच्या पाठीशी नाही. अडुळसा छातीत साठलेले बाहेर काढायला मदत करतो. तो धूर आत जाण्यापासून थांबवत नाही. जुन्या काळी दम्यासाठी अडुळशाची सुकी पाने विडीसारखी ओढण्याचीही पद्धत होती. ती आता पूर्णपणे टाळावी. धूर कुठल्याही पानाचा असला तरी फुप्फुसाला तो धूरच.

घरी वापरताना

पानातून रस सहज निघत नाही. म्हणून आयुर्वेदात पुटपाकाची रीत सांगितली आहे: पाने वाटून गोळा करायचा, तो पानांत गुंडाळून वर मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. आपल्या स्वयंपाकघरात पाने धुऊन कुकरमध्ये वाफवली आणि वाटून पिळली तरी काम होते. ग्रंथांत ताज्या रसाची मात्रा मोठ्या माणसासाठी १० ते २० मिली अशी दिली जाते. रस मधाबरोबर घेतात. काढा करताना पानांबरोबर आले, ज्येष्ठमध किंवा तुळस घालण्याची रीत आहे. वासावलेह आणि वासारिष्ट ही तयार औषधे आयुर्वेदिक दुकानांत मिळतात. डिसेंबरात भोपाळला भरणाऱ्या वनमेळ्यातही वनौषधी आणि वैद्य दोन्ही भेटतात.

घेण्याआधी हे जरूर पाहावे:

- गर्भवती स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये. वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते. जम्मूच्या प्रयोगशाळेत हा गुण तपशीलवार अभ्यासला गेला आहे. 'घरगुतीच आहे' म्हणून सुनेला किंवा मुलीला काढा देण्याआधी हे लक्षात असावे.
- एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, म्हणून मधातला रसही नाही.
- मधुमेह असेल तर अवलेहातली साखर मोजावी.
- जास्त मात्रेने मळमळ आणि उलटी होऊ शकते.
- इनहेलर किंवा डॉक्टरांची नेहमीची औषधे बंद करून त्याऐवजी अडुळसा घेऊ नये. जोडीने घ्यायचा असल्यास डॉक्टरांना सांगावे.

लहान मुलांच्या खोकल्याबद्दल थोडे अधिक. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यात, डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने अनेक बालके दगावली. ते औषध अडुळशाचे नव्हते. पण त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलेली गोष्ट प्रत्येक आजीआजोबांनी लक्षात ठेवावी: दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा सुचवली जात नाहीत. बाटलीवर पानाचे चित्र असले तरी हा नियम शिथिल होत नाही. लेबल, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी आणि मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे.

खरे संरक्षण: धूर कमी करणे

आपल्या हातातले उपाय बहुतेक घरातच आहेत.

*डासांची कॉइल.* २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावून सकाळी अडुळशाचा काढा पिणे व्यर्थ आहे. मच्छरदाणी लावावी.

*उदबत्ती, धूप आणि कापूर.* पूजा सोडण्याचा प्रश्नच नाही. खिडकी उघडी ठेवावी, एकच उदबत्ती लावावी, आणि दम्याच्या माणसाची झोपायची खोली देवघरापासून दूर असावी.

*फटाके.* पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत जास्त सूक्ष्म कण आवाज न करणाऱ्या, मुलांच्या आवडत्या सापाच्या गोळीतून निघाले. मुले तिच्यावर ओणवी होऊन पाहतात, तेव्हा तो धूर थेट त्यांच्या नाकात जातो. निदान ही एक वस्तू खरेदीच्या यादीतून काढावी.

*सिगडी.* बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपू नये. धुराखेरीज त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सांगावे.

*बाहेरचा धूर.* नरवाई जळण्याचे दिवस, कचऱ्याच्या ढिगाला लागलेली आग, दाट धुके असलेली पहाट, अशा वेळी वडीलधाऱ्यांनी तलावाकाठचे फिरणे उन्हे वर येईपर्यंत पुढे ढकलावे. बाहेर जाणे भाग असेल तर चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही.

*विडी-सिगारेट.* सोडण्याचा फायदा कुठल्याही वयात होतो. गेलेली क्षमता परत येत नसली तरी पुढची घसरण मंदावते. हे माणसांवरच्या दीर्घ अभ्यासांत पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, थुंकीत रक्त दिसले, वजन घटू लागले, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर काढ्यावर थांबू नये. क्षयरोगाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. जुन्या वैद्यकात थुंकीतून रक्त पडण्यावर अडुळशाची मोठी प्रशंसा आहे. म्हणूनच हा धोका आहे: रक्त थोडे थांबले की माणूस तपासणी टाळतो आणि आजार वाढत राहतो, घरातल्या इतरांनाही होतो.

धाप लागत असेल, विशेषतः ज्यांनी १९८४ ची ती रात्र शहरात काढली किंवा अनेक वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केला, त्यांनी एकदा स्पायरोमेट्री करून घ्यावी. नळीत जोराने श्वास सोडायचा, इतकीच ही तपासणी. ना सुई, ना वेदना. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते यावरून श्वासनलिका किती आखडल्या आहेत हे कळते. एम्स, हमीदिया आणि भोपाळ मेमोरियल रुग्णालयात छातीच्या आजारांचे तज्ज्ञ आहेत. अडुळशाच्या उपचारासाठी पं. खुशीलाल शर्मा शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात वैद्यांचा सल्ला घेता येतो. दोन्हीकडे जाण्यात काही विरोध नाही. मात्र एकाकडचे कागद दुसऱ्याला दाखवावेत.

कुंपणाला एक अडुळसा

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला अडुळसा जरूर लावावा. तीन-चार डोळे असलेली वीतभर काडी जमिनीत तिरकी खोचली की ती सहज धरते. भोपाळच्या काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून थोडी वाळू मिसळावी किंवा वाफा उंच करावा. दोन काड्यांत दीड-दोन फूट अंतर ठेवले तर काही वर्षांत दाट कुंपण होते. फ्लॅटमध्ये मोठी कुंडी आणि गॅलरीतले ऊन पुरेसे आहे. हिवाळ्याअखेर फुले येतात, मधमाश्याही येतात. छाटणी दरवर्षी करावी. पाने टवटवीत येतात.

झाड लावताना मुलांना त्याचे नाव आणि गुण सांगावेत, आणि त्याची मर्यादाही सांगावी: हे झाड कफ सोडवते, धूर मात्र आपणच थांबवायचा.